काळी एक, पांढरी चार

११ जून, पुणे

पहाटे पावसानं जोर धरला आणि सारंगीचं कातडं उतरलं. दरवर्षीचंच आहे हे. हवा दमट झाली की कातडं सैल पडतं, घोडी किंचित खाली बसते, आतड्याच्या ताती ओलावा धरतात आणि रात्री मिळवून ठेवलेलं वाद्य सकाळी ओळख देत नाही. तास गेला तरफा मिळवण्यात. रियाजाला बसले तेव्हा दूधवाला येऊन गेला होता.

दुपारी कोथरूडच्या एका संगीतवर्गाचा फोन आला. ऑगस्टमध्ये पालकांशी बोलायला याल का, मुलाला पहिलं वाद्य कोणतं द्यावं या विषयावर. बोलावणं सारंगीवादक म्हणून आलं आहे, पण या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे असलंच तर ते पेटीच्या वर्षांत आहे. लहानपण आणि कॉलेजचा सगळा काळ मी पेटीच वाजवली. त्या वर्षांबद्दल मी कधी नीट लिहिलेलं नाही. आता जमेल तसं लिहीन.

१५ जून, मिरज

आबांची पेटी माळ्यावरून उतरवली. साडेतीन सप्तकांची, दुहेरी सुरांची, एक ओळ खर्जाची आणि एक नराची. भात्याच्या घड्यांवरचं कापड दोन ठिकाणी विरलंय, मधल्या तीन पट्ट्या दाबल्या की खालीच राहतात. वरची काळी एक मात्र बोट लावताच बोलली.

आबा रेल्वेत होते. ड्यूटी संपली की घरी चहा आणि मग पेटी. संगीताची परीक्षा त्यांनी दिली नव्हती, वहीही ठेवली नव्हती. माझं शिक्षण सुरू झालं ते दत्ताच्या देवळातल्या गुरुवारच्या भजनात, त्यांच्या मांडीला मांडी लावून. पहिले कित्येक महिने माझं काम फक्त भाता. पट्ट्यांवर त्यांची बोटं, भात्यावर माझा हात. तेव्हा हे काम दुय्यम वाटायचं. भाता हिसक्यानं ओढला की सूर ओरडतो, ढिला सोडला की सूर बसतो, आणि अभंगाच्या चरणाच्या शेवटी बुवा आवाज बारीक करतात तेव्हा हातानंही बारीक व्हायचं असतं, हे मी पट्टीला बोट लावण्याआधी शिकले.

मग काळी एक. तोच षड्ज, तोच गंधार पांढरी चारवर, तोच पंचम काळी चारवर. वर्षभर दुसरी पट्टी नाही. आणि एक दिवस मंडळात बाहेरगावचे बुवा आले, त्यांनी पांढरी चारमध्ये सूर लावला आणि आबांनी पेटी माझ्यापुढे सरकवली. कालपर्यंत जो गंधार होता, तो आज षड्ज. बोटांना काहीच ओळखीचं उरलं नाही. ‘पट्ट्यांकडे बघू नकोस पोरी,’ आबा कानाशी म्हणाले, ‘बुवांच्या गळ्याकडे बघ. श्वास कुठं घेतात ते बघ.’

मिरजेत हे सगळं चालतं त्यात नवल नाही. सतारमेकर गल्लीवरून शाळेत जाताना जवारी काढताना घोडीवर चालणाऱ्या कानशीचा आवाज यायचा, अधूनमधून एकच तार छेडून बघितलेली. उरुसात दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं व्हायचं, आबा मला पहाटेपर्यंत जागं ठेवायचे. खाँसाहेब या गावात राहिले, १९३७ मध्ये गेले तेव्हा इथंच त्यांना आणून दफन केलं. आबांच्या बोलण्यात ते काल-परवा भेटल्यासारखे यायचे.

साथीचा धर्म मला त्या देवळात कळला. गवयाच्या आधी बोट टाकायचं नाही. त्याची जागा त्यानं घेतल्यावर तिची सावली धरायची, तीही निम्मीच. तो थांबला तर भरायचं, पण भरताना पुढची वाट अडवायची नाही. समेवर दोघांनी एकत्र यायचं, आणि तो सम चुकवून खेळत असेल तर आपण ती निमूट धरून बसायचं. बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या अंगात एवढं मुरणं ही मोठी कमाई होती असं मला आज वाटतं. कुठल्याही वर्गात हे फळ्यावर लिहून देता येत नाही.

१६ जून, मिरज

पेटी दुरुस्त करणारे काका घरीच आले. ओसरीवर चादर अंथरली, झाकण काढलं, पट्ट्यांची चौकट सोडवली आणि आतली सुरांची ओळ उजेडात आली. प्रत्येक सूर म्हणजे पितळेची एक चौकट आणि तिच्यावर एका टोकाला जोडलेली पातळ जीभ. हवा खालून गेली की जीभ थरथरते, ती थरथर म्हणजे स्वर.

काकांनी मऊ कुंचल्यानं धूळ काढली. मग एका जिभेखाली पत्र्याची पातळ पट्टी सारून तिला आधार दिला आणि टोकाशी कानशीचं टोक दोनदाच फिरवलं. स्वर चढला. दुसऱ्या एका जिभेच्या बुडाशी घासलं, तो उतरला. टोकाचं वजन कमी झालं की जीभ चपळ होते, बुड पातळ झालं की ती लवचीक होऊन मंदावते. गेलेलं पितळ परत बसवता येत नाही, म्हणून ते एक फिरवून थांबतात, फुंकर मारतात, ऐकतात, मग पुढचं. त्यांचा श्वासही तेवढा वेळ थांबलेला असतो. मी तासभर हललेच नाही तिथून.

मध्यावर त्यांनी मान वर केली. ‘ताई, सरसकट लावू का काळी एकला धरून?’

माझ्या गेल्या दहा-बारा वर्षांचा सगळा प्रश्न त्यांनी एका वाक्यात विचारला. सरसकट म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग, प्रत्येक भाग शंभर सेंटचा. त्यामुळे कुठल्याही पट्टीला षड्ज माना, अंतरं तीच राहतात, गवई बदलला तरी पेटी तीच चालते. पण गळा शुद्ध गंधार लावतो तो षड्जापासून ३८६ सेंटवर, पेटीचा गंधार ४०० वर. धैवत ८८४ वर असतो, पेटीचा ९००. पंचमात फरक दोनच सेंटचा, तो कुणाला बोचत नाही. गंधार-धैवत बोचतात. एका पट्टीला धरून सूर नैसर्गिक लावून घेता येतात, तसे लावून घेणारे वादक आहेत आणि त्यांची पेटी कानाला फार गोड लागते. पण मग त्याच पेटीवर दुसरी पट्टी घेतली की ती उघडी पडते.

मी सरसकट लावायला सांगितली. ही पेटी परत देवळात जाणार आहे. तिथं दर गुरुवारी वेगळे बुवा, वेगळी पट्टी. भजनाच्या पेटीला सगळ्यांचं होता आलं पाहिजे.

२ जुलै, पुणे

तानपुरा लावून यमनचा गंधार धरून बसले होते, बराच वेळ. तानपुरा उत्तम जुळला की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप उमटतो, कुणी न छेडता. स्वयंभू गंधार. त्यामागचा हिशेब सरळ आहे. काळी एकच्या पुरुषी तानपुऱ्याची खर्जाची तार सेकंदाला साधारण ६९.३ वेळा कंप पावते, तिचा पाचवा स्वरांश ३४६.५ वर येतो. पेटीची त्याच जागेची पांढरी चार वाजते ३४९.२ वर. दोन्ही एकत्र चालू ठेवले की सेकंदाला जवळजवळ तीन लाटा ऐकू येतात, आवाज वरखाली हलतो. एकदा ऐकल्या की त्या पुन्हा न ऐकणं कानाच्या हातात राहत नाही.

मला त्या लाटा पुण्यातच ऐकू आल्या. कॉलेज संपलं होतं, शिकवण्या आणि साथ यांवर चाललं होतं. एका बाईंच्या घरी त्यांच्या सकाळच्या रियाजाला मी पेटी धरायची. एकदा त्यांनी विलंबित यमन सुरू केला. थोड्या वेळानं डोळे न उघडता म्हणाल्या, ‘गंधारावर बोट नको ठेवूस गं. नुसता षड्ज-पंचम धर.’ मी धरला. आणि मग त्यांचा गंधार तानपुऱ्यातून उगवलेल्या गंधारात असा मिसळला की खोलीत तो कुठून येतोय ते कळेना. माझं बोट पांढऱ्या पट्टीच्या वर अधांतरी होतं. पुढचा पाऊण तास मी भाता हलवत राहिले आणि फक्त ऐकत राहिले.

त्या दिवसानंतर पेटी वाजवताना माझे दोन कान झाले. एक गवयाबरोबर, एक त्या लाटांवर. साथीला बोलावणी येत होती, मी जात होते, लोक खूश होते. पण रागातला कोमल गंधार, आंदोलन घेणारा, दरबारीचा, तो जिथं राहतो तिथं पेटीला जागाच नाही. दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत तो आहे. पेटीवादकांनी या अडचणीतून किती वाटा काढल्यात. कणस्वर देऊन, भाता दाबून, एका पट्टीवरून बोट दुसऱ्या पट्टीवर घासून नेऊन मींडेचा आभास करतात. गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांची पेटी ऐकताना ती गात नाही असं म्हणायची माझी हिंमत नाही. तरी मला ती फटच हवी होती. पुढच्या वर्षी मी सारंगी धरली.

९ जुलै

डाव्या हाताच्या मधल्या बोटाची नखकड पुन्हा सोलवटली. सारंगीची तात बोटाच्या पेरानं दाबत नाहीत, नखाच्या बुडानं बाजूनं तिला टेकतात आणि सरकवतात. बोट घसरायला पावडर. पहिल्या वर्षी नखांच्या मुळाशी रक्त यायचं, आता चरे पडलेत, पण पावसाळ्यात कातडी मऊ होते आणि जखम उघडते. दोन दिवस नुसता गज.

२१ जुलै

वाचनालयातून जुने अंक आणले होते, त्यात पेटीवरच्या बंदीचा विषय निघाला. सविस्तर लिहून ठेवते, पालकांपुढे लागेल.

पेटी मूळची पॅरिसची. आलेक्सांद्र दबॅंनं तिचं पेटंट १८४० च्या दशकात घेतलं, तेव्हा ती पायानं भाता मारायची होती. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती मांडी घालून वाजवता येईल अशी हातभात्याची केली, आणि पन्नास वर्षांत ती देवळात, नाटकात, बैठकीत, शाळेत सगळीकडे पोचली. मग १९३८ मध्ये जॉन फोल्ड्स या इंग्रज संगीतकारानं तिच्याविरुद्ध लिहिलं, आकाशवाणीचे प्रमुख लायनेल फील्डन यांना ते पटलं, रवींद्रनाथांनीही बंदीला पाठिंबा दिला, आणि १ मार्च १९४० पासून नभोवाणीवर पेटी बंद झाली. स्वातंत्र्यानंतरही बंदी उठली नाही. नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर, पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे कट्टर पाठीराखे, त्यांच्या दहा वर्षांच्या काळातही ती कायम राहिली. १९७१ च्या सुमारास ती सैल झाली.

टीकाकारांचा आक्षेप खरा होता. मींड नाही, श्रुती नाहीत, स्वर पट्टीला बांधलेले. पण बंदी हा त्यावरचा उपाय नव्हता. तीस वर्षं एका पिढीच्या उत्तम वादकांना देशाच्या सर्वांत मोठ्या मंचावर त्यांचं वाद्य वाजवता आलं नाही. हे अन्यायाचं होतं आणि मी आज सारंगी वाजवते म्हणून ते कमी अन्यायाचं ठरत नाही.

आक्षेपाला उत्तर शोधणारी माणसंही होती, आणि ती आमच्याच भागातली. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक काढलं. साताऱ्याकडे न्यायाधीश असलेले अर्नेस्ट क्लेमंट्स त्यांना मिळाले, अब्दुल करीम खाँ गळ्यानं स्वर पुरवत होते, आणि त्या मोजमापांवरून श्रुतींची पेटी बनवून घेतली गेली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर खडाजंगी झाली, भातखंड्यांना ती मान्य नव्हती. ती पेटी रुजली नाही, पण विचार संपला नाही. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी केली, तिच्यात खटका ओढून स्वराची हवी ती श्रुती निवडता येते.

सारंगीचं दुःख वेगळं. तिला कुणी सरकारी बंदी घातली नाही, समाजानं घातली. कोठ्यावरचं वाद्य म्हणून मध्यमवर्गानं तिला घरात घेतलं नाही. बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत कादरबक्षांची सारंगी होती, लोकांनी ती डोक्यावर घेतली, पण आपल्या मुलांच्या हातात दिली पेटीच. पेटी सोपी, पेटीचा आवाज मोठा, पट्टी बदलायला क्षण पुरे. सारंगीवर पट्टी बदलायची तर तीन ताती आणि पस्तीसेक तरफा पुन्हा मिळवा. पंडित रामनारायण १९४४ मध्ये लाहोर केंद्रावर साथीदार म्हणून लागले, १९४९ मध्ये मुंबईत आले आणि साथ सोडून सारंगी एकटीनं मंचावर नेली. २०२४ मध्ये ते गेले. त्यांची मुलगी अरुणा नारायण सारंगी वाजवतात, हे कळलं तेव्हा मला केवढा धीर आला होता.

माझी आजी सारंगीचं नाव ऐकून घाबरली होती. पुढारी वारले की रेडिओवर लागते ती ना? घरात कशाला ती? आता दर फोनला विचारते, आज वाजवलीस का. काल फोन कानाला लावून तिनं पूर्ण भैरवी ऐकली.

५ ऑगस्ट

आज सारंगीच्या गुरुजींनी खर्जाच्या तातीवर एकच स्वर घ्यायला लावला, गज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जितका सावकाश जाईल तितका. सुरुवातीला दाब, मध्ये मोकळा, परतताना सांधा कळू नये. शेजारी त्यांच्याकडे नव्यानं येणारा एक मुलगा बसला होता, सतार सोडून आलेला. बोटं त्याची माझ्यापेक्षा तयार आहेत. पण गज परतला की त्याचा स्वर तुटत होता. ‘तुझा तुटत नाही,’ गुरुजी मला म्हणाले, ‘तुझ्या हातात भाता आहे.’

खरंच आहे. देवळातल्या त्या महिन्यांत डाव्या हातानं जे शिकलं, ते उजव्या हातात आलंय. भात्यालाही परतीचा सांधा असतो, पंखा मागे जातो तेव्हा हवा तुटू द्यायची नसते. हवेचा साठा, दाब, चरणाच्या शेवटी बारीक होणं, सगळं गजात जसंच्या तसं उतरलं. डाव्या हातानं मात्र पेटीवरून काहीच आणलं नाही, त्याला सगळं पहिल्यापासून करावं लागलं. पेटीवर बोटाला स्वर कुठं आहे हे कान विचारायच्या आधी माहीत असतं. सारंगीवर पडदे नाहीत, खुणा नाहीत. आधी स्वर मनात लागला पाहिजे, मग नख तिथं जातं.

संध्याकाळी एका गायिकेबरोबर साथ होती, काळी चारची पट्टी. तिनं मारव्यात ऋषभ घेतला, खूप वेळ षड्जाला बगल दिली, आणि मी तिच्या मागं सावली धरून चालले होते. कुठं थांबायचं हे ठरवावं लागलं नाही. ती आबांची विद्या.

२४ ऑगस्ट

काल पालकांशी बोलून आले. खोली भरली होती. एका आईनं थेट विचारलं, की कीबोर्ड स्वस्त मिळतोय, त्यावर दोनशे आवाज आहेत, तो घेऊ का. मी सांगितलं, आवाज दोनशे असले तरी त्यात मुलाच्या हाताला करायला काही नाही, बटण दाबलं की स्वर तयार. पेटीला निदान श्वास द्यावा लागतो. घ्यायचीच असेल तर हाताची पेटी घ्या, जुनी चालेल, सूर मात्र जाणत्या माणसाकडून लावून घ्या.

एका आजोबांनी विचारलं, मग पेटीनं कान बिघडत नाही का? मुलानं फक्त पेटी ऐकली तर बिघडतो, हे मी मान्य केलं. आणि मग जे सांगितलं ते इथं लिहून ठेवते, कारण घरी गेल्यावर कुणी पुन्हा विचारलं तर हेच सांगायचं आहे. पेटी जरूर द्या. तिच्याइतकं पटकन मुलाला दुसऱ्याच्या गाण्याबरोबर बसवणारं वाद्य आपल्याकडे नाही. त्याला कुठल्यातरी भजनी मंडळात, आरतीत, शाळेच्या प्रार्थनेत साथीला बसवा, एकट्याला खोलीत बसवू नका. पण पेटीशेजारी तानपुरा लावा, मोबाईलमधला असला तरी चालेल. आणि रोज पेटी उघडायच्या आधी मुलाला तानपुऱ्यावर षड्ज गायला लावा, मग गंधार. तो गळ्यात बसला की मगच पांढरी चार दाबू द्या.